कुंकू लागलेल्या फ्लॉप्या

आमचे बाबा ठाकुरवाडीला शिंकले की कर्जतच्या फलाटावर वडेवाल्याच्या कढईतलं तेल हलायचं. मधे घाट आहे, बोगदे आहेत, हे मला सांगू नका. मी त्या घाटातच वाढलोय. मी वाढवून सांगतो हे कर्जत-खालापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझं ऐकताना लोक मनातल्या मनात थोडं वजा करत असतात. तुम्हीही खुशाल करा. फक्त फ्लॉप्या धुण्याची हकीकत आली की वजाबाकी थांबवा. तिथं मी पदरचं काही घातलेलं नाही, घालायला जागाच उरली नव्हती.

बाबा रेल्वेत तारबाबू होते. म्हणजे पितळी खटक्यावर बोट आपटून कट्ट-कड-कट्ट करत पुढच्या स्टेशनाला निरोप धाडायचे. सगळी नोकरी घाटात काढली. दिवसभर बोटांनी बोलायचं, त्यामुळे तोंडाची सगळी शिल्लक ते घरी आणायचे. रिटायर होऊन कर्जतच्या घरात कायमचे आले तेव्हा तर विचारूच नका. आमचं घर आगगाडीसारखं लांबच लांब. पुढं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी गार्डाच्या डब्यासारखी मागची खोली. त्या मागच्या खोलीत बाबांची खुर्ची. तिथून एक हाक सुटली की आईच्या हातातलं उलथणं, माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातला ट्रान्झिस्टर, तिन्ही एकदम खाली. चहा हवा, आईला हाक. पेपर हवा, मला हाक. काहीच नको असलं तर नुसतंच, "कोण हाय का रं घरात?" आम्ही सगळे घरातच असायचो आणि त्यांनाही ते माहीत असायचं.

मग घशाचं दुखणं निघालं. आवाज ठेवायचा का माणूस, असं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं. आईनं माणूस मागून घेतला. बाबा परत आले ते गळ्याला एक भोक, त्यावर पातळ फडक्याचा तुकडा, आणि ओठ हलले तरी बाहेर नुसता वारा.

आम्ही पाटी आणली. पाटीनं काय केलं ते सांगतो. बाबा खडू उचलायचे आणि भेटायला आलेला माणूस त्यांच्या खांद्यावरून पाटीत डोकं घालायचा. बाबांनी "च" काढला की तो "चहा, चहा! चहा द्या रं यांना!" म्हणून ओरडायचा. बाबांना "चपला बाहेर काढ" म्हणायचं असायचं. ज्या माणसाचं वाक्य उभ्या घाटात कुणी तोडलं नव्हतं, त्याचं प्रत्येक वाक्य आता दुसराच कुणी तरी पुरं करत होता. एके दिवशी पाटी मागच्या जांभळाच्या झाडावर जाऊन बसली. मी ती काढायला गेलो नाही.

मग आईनं देवघरातली घंटा दिली. दोन दिवस वाजली. पण घंटेनं नुसतं "या" एवढंच सांगता येतं. कुणी यावं, कशाला यावं, आणि उशीर केल्याबद्दल तो कुठल्या जनावराचा वंशज आहे, हे घंटेला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी घंटा देवघरात परत. दिवाळीचे दिवस होते ते. त्यानंतर बाबांनी काही मागितलंच नाही. दिलं ते खायचं, नाही दिलं तर बसून राहायचं. तोंड परसाकडं, पाठ सगळ्या घराकडं.

आई एकदा दुकानात येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बोलणं गेलं त्याचं एवढं नाय रं. बोलणं पाटीवर होतं. पाटीवर हाक मारता येत नाय."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे वाक्य माझ्या तोंडी कर्जतात कुणी ऐकलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, हायवेला कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात विजेचं काम बघायचे. तिथं नवा कंप्युटर आला आणि जुना भंगारात निघाला. दाजी दुकानात आले ते चप्पलसुद्धा न काढता.

"मेवणं, काय सांगू तुमाला! डबा एक आन् पडदे दोन!"

"दोन पडदे कशाला? नाटक बसवताय का?"

"ऐका तर. दोन माणसं, दोन खोल्यांत. मधी वायर. एकानं हिकडं दाबलं की दुसऱ्याच्या पडद्यावर तिकडं उमटतं."

"उमटतं म्हणजे आपणहून? कुणी जवळ जाऊन बघायला नको?"

"बघायला काय, आधी कुई करून शिट्टी मारतं न् मग उमटतं. म्हणजे झोपला असाल तरी उठाल."

माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न टेबलावर तसंच राहिलं आणि टेबलाला आरपार भोक पडलं. मला वास आला नाही. मला दिसत होती ती मागच्या खोलीतली खुर्ची, तिच्यासमोर पडदा, आणि दुकानात होणारं कुई.

टेंपोतून कंप्युटर आणला. त्याचं वजन असं की खालापूरच्या पुढं टेंपोची पुढची चाकं जमीन सोडायला लागली, म्हणून दाजी बॉनेटवर बसले. चौकात एका म्हातारीनं विचारलं, "टीव्ही हाय का रं?" दाजी वरूनच म्हणाले, "नाय गं मावशे, टीव्हीचा आजा हाय." ते काही खोटं नव्हतं. डब्यावर सिमेंटची धूळ, पंख्यात पाखराच्या घरट्याच्या काड्या, पडदा काळा आणि अक्षरं पावसाळ्यातल्या भाताच्या रोपासारखी हिरवी. दुसरा पडदा म्हणजे नुसता पडदा आणि नुसती बटणं. त्याला स्वतःचं डोकं नाही, वायरीतून पहिल्याचं डोकं वापरायचं.

सुरू केलं तर तो चालला, पण एकलकोंडा निघाला. त्याला चालवणारी जी प्रणाली होती ती एका वेळी एकाच माणसाला ओळखायची. दाजी म्हणाले, "ही डॉस. हिला दुसरा पडदा म्हणजे भिंत. दोघांना सांभाळणारी येगळी असते." आणि त्यांनी पिशवीतून काळ्या फ्लॉप्यांची चवड काढली. कारखान्यात काही दिवस एक इंजिनीअर साहेब येऊन राहिले होते. जाताना जुन्या यंत्राबरोबर त्याच्या फ्लॉप्याही तिथंच टाकून ते परदेशी गेले. प्रत ही एवढीच. आत जे होतं ते युनिक्सच्या भावकीतलं काहीतरी होतं. आजकाल पोरं लिनक्स लिनक्स म्हणून नाचतात, ते त्याच भावकीत पुढं जन्मलेलं पोर. तेव्हा ते पाळण्यातही नव्हतं.

ज्यांनी ती फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाताच्या पंजाएवढी काळी चौकोनी थैली, आत तपकिरी रंगाची पातळ गोल चकती. मधोमध भोक. आणि थैलीला एका बाजूला लांबट खिडकी, तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. यंत्र त्याच खिडकीतून वाचतं. तिथं बोटसुद्धा लावायचं नाही. दाजींनी हे मला इतक्यांदा सांगितलं की मी चवडीकडं बघतानाही हात मागं बांधायला लागलो.

यंत्रात नवी प्रणाली घालायची ती दसऱ्याला, हे दाजींनी ठरवलं. सुट्टीही होती आणि मुहूर्तही. मी सकाळी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो. जाताना आईला म्हणालो, "दुकानातल्या हत्यारांची पूजा करून घे. त्या यंत्रावर मात्र पाण्याचा थेंब पडू देऊ नको, विजेचं आहे."

आईनं माझं ऐकलं. यंत्रावर थेंबही पडू दिला नाही. नुसतं लांबून एक फूल दाखवलं. मीटरला, पकडीला, सोल्डरिंग आयर्नला बोटभर कुंकू. आणि त्या काळ्या चवडीजवळ आल्यावर तिनं विचार केला की यंत्राशेजारी ठेवल्यात, दाजी एवढं जपून हाताळतात, म्हणजे या यंत्राच्या पोथ्या असणार. दसऱ्याला आमच्याकडं पाटी-पोथी पुजल्याशिवाय राहत नाहीत. तिनं पाट मांडला, सगळ्या फ्लॉप्या ओळीनं निजवल्या आणि पाण्यात कालवलेलं हळदकुंकू प्रत्येकीला लावलं.

मी परत आलो तेव्हा दाजी दारात डोक्याला हात लावून उभे होते.

"आई," मी म्हणालो, "एवढी मोठी काळी थैली मोकळी होती. कोपऱ्यात लावायचं. त्या खिडकीतच का लावलंस?"

"मग कुठं लावू?" आई म्हणाली. "सगळ्या अंगावर काळं झबलं घातलंय. तेवढंच कपाळ उघडं दिसलं."

मी वाकून बघितलं. कपाळ तेवढंच होतं.

दाजींनी वरवरचं पुसलं आणि पहिली फ्लॉपी यंत्रात सारली. यंत्रानं जो आवाज काढला तो मी आजवर फक्त एका प्रसंगी ऐकलाय, कशेळ्याच्या बाजारात एका बोकडाला आपण कुणाच्या पिशवीत चाललोय हे समजलं तेव्हा. ओढून काढली तर चकतीवर लाल गोल रेघ. वाचायचं डोकंही लाल. मी कॅसेटचं हेड पुसायच्या स्पिरिटनं ते डोकं पुसलं. पण फ्लॉप्यांचं काय?

दाजी खाली बसले. "संपलं, मेवणं. येकच प्रत होती. सायेब तिकडं सातासमुद्रापार."

आई माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिला आम्ही यंत्र कशासाठी आणलंय ते सांगितलं नव्हतं. उगीच आशा नको म्हणून. आता सांगावं लागलं. ती ऐकत राहिली, मग मागच्या खोलीकडं बघितलं, मग पाटावरच्या त्या लाल कपाळांकडं.

"मंजे ह्यातनं ते हाक मारनार होते?"

"हो."

"आन् मी त्यात कुंकू भरलं?"

तिचा चेहरा असा झाला की मला काहीतरी बोलणं भाग पडलं. आणि माझं असं आहे, मी आधी बोलतो आणि मग ते खरं करायला धावतो. मी म्हणालो, "धुऊ या."

दाजी म्हणाले, "काय धुऊ या?"

"चकत्या. कॅसेटची टेप आणि ही चकती, दोघींची जात एकच. मागं एका बाईंची भजनाची कॅसेट घंगाळात पडली होती. मी टेप धुऊन सुकवून दुसऱ्या खोक्यात भरली, अजून वाजते. टेपला पाणी चालतं. खडा चालत नाही. कुंकू म्हणजे सगळे बारीक खडेच."

"कारखान्यात असं बोललात तर बाहेर काढतील तुमाला."

"म्हणून तर मी दुकान टाकलंय."

आईनं पदर खोचला. तिच्या नथीचे मोती ती रिठ्याच्या पाण्यानं धुवायची. तिनं रिठे भिजत घातले, पाणी कोमट केलं. मी ब्लेडनं प्रत्येक थैलीची एक कड चिरली आणि आतली चकती ओढून काढली. हातात घेतली तर वाऱ्यानं थरथरते इतकी पातळ. हिच्यात एवढी मोठी प्रणाली लिहिलेली आहे आणि डोळ्यांना दिसतो फक्त तपकिरी रंग, या विचारानंच मला गरगरलं. एखाद्या भाकरीवर अख्खं पुराण लिहिलंय आणि ते वाचता येत नाही, पण आहे, असं काहीतरी. आई ती रिठ्याच्या फेसात फिरवायची, नुसती बोटांच्या टोकांनी, बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा तशी. मग गॅरेजमधून आणलेल्या बॅटरीच्या शुद्ध पाण्यात एक बुचकळी. मग तिच्या जुन्या मऊ लुगड्यावर माजघरात सावलीला वाळत. आमच्या माजघरात त्या दिवशी पापडांसारख्या चकत्या पसरल्या होत्या. शेजारीण सोनं द्यायला आली, बघून म्हणाली, "कसले गं हे पापड?" आई म्हणाली, "नाचणीचे. हात लावू नको."

थैल्या आतून लाल झाल्या होत्या, त्या बाद. दाजींकडं एक कोरी फ्लॉपी होती. तिची चकती काढून टाकली आणि ती एकच स्वच्छ थैली वापरायची ठरलं. एक चकती थैलीत घालायची, यंत्रात सारायची, वाचून झाली की बाहेर काढायची, थैली रिकामी करायची, दुसरी घालायची. एकाच कोटात गावातले सगळे नवरदेव बोहल्यावर चढावेत, तसं.

पहिली घातली. यंत्र कुरकुरलं. आई हात जोडून उभी. दाजींनी डोळे मिटलेले. आणि हिरव्या अक्षरांची एक ओळ आली. मग दुसरी. मग यंत्रानं पुढची फ्लॉपी मागितली. मागितली! मी आईला म्हणालो, "वाचलं." आई म्हणाली, "वाचेल नायतर काय, मोत्यासारखं धुतलंय."

सगळे नवरदेव पार पडले. एक मात्र फार अडला. यंत्र तेच तेच पान चाळल्यासारखं करत राहिलं. मी थैलीतून चकती काढली, विडीच्या धुरासारखी हळूच फुंकर मारली, पुन्हा घातली. गेली. दाजींनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावरून शेकडो अक्षरं पळाली, इतकी भराभर की जणू घाटातून खाली सुटलेली मालगाडी. आणि मग सगळं थांबून एका ओळीत एकच प्रश्न उरला.

"काय म्हणतंय?"

"नाव इचारतंय," दाजी म्हणाले. "तू कोण म्हणून."

मी आयुष्यभर रेडिओ उघडले. एकाही रेडिओनं मला विचारलं नव्हतं की बाबा रे, ऐकतोयस तो तू कोण. कुणीही यावं, खुंटी पिळावी. आणि हे सिमेंटच्या धुळीतून उचललेलं धूड, कारखान्यानं टाकलेलं, आईनं रिठ्यानं धुतलेलं, दारात उभं राहून विचारत होतं, कोण आलंय? मी माझं नाव टाइप केलं. ते मला ओळखत नव्हतं. दाजींनी ओळख करून दिली. मग त्यांनी आणखी एक नाव आत घातलं. "बाबा."

दुसऱ्या पडद्याची वायर मी घरभर नेली होती, कौलाखालून. जोडली तर तिकडं मेलेलं. मी दोन्ही टोकं तपासली, कुठं तुटली नव्हती. मग ध्यानात आलं, मी ह्याचं तोंड त्याच्या तोंडाला जोडलं होतं आणि ह्याचा कान त्याच्या कानाला. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. भावकीच्या मीटिंगसारखं. दोन तारा उलट्या केल्या. दाजी मागच्या खोलीतून ओरडले, "आलं! हिकडंबी नाव इचारतंय!"

मी दुकानातल्या पडद्याकडं बघितलं. इकडं माझं काम चालूच होतं. एकच डोकं, आणि ते घराच्या दोन टोकांना दोन माणसांशी एकाच वेळी बोलत होतं, आणि दोघांनाही वाटावं की आपल्यापाशीच बसलंय. मी लगेच उठून उभा राहिलो. कशासाठी ते कळलं नाही. देऊळ म्हटलं तर देऊळ नव्हतं, तरी पायातली चप्पल काढली.

दाजींनी दोन्हीकडं गप्पांची सोय उघडून दिली. मागच्या खोलीत बाबांच्या रेल्वेच्या लोखंडी पेटीवर पडदा ठेवला, बटणं त्यांच्या हाताशी. तारेबरोबर टाइपरायटरही त्यांनी नोकरीभर चालवलेला. बाबांनी मान वळवली नाही. तोंड परसाकडंच.

मी दुकानातून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "बाबा." मागं कुई झालं. काही नाही. पुन्हा लिहिलं, "बाबा, हे तुमच्यासाठी आहे." कुई. काही नाही. दाजी माजघरातून कुजबुजले, "बघत सुदीक नायत, मेवणं. पडद्याला पाठ करून बसलेत."

आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. मी काय काय लिहून बघितलं. जेवलात का, पाऊस पडेल का, दाजी आलेत. प्रत्येकदा कुई, आणि परत हिरवा पडदा रिकामा. दिवाळीपासूनचं सगळं घर त्या रिकाम्या ओळीत होतं.

मग मला आठवलं, तारेवर कुणी असं एकदम बोलायला सुरुवात करत नाही. मी लहान असताना बाबांनी मला शिकवलं होतं. आधी ज्याला बोलवायचं त्या स्टेशनाची अक्षरं वाजवायची, परत परत, जोपर्यंत तिथला माणूस खटका वाजवून "हं, मी आहे" म्हणत नाही. मग आपली अक्षरं. मग निरोप. समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून आधी त्याला उठवायचं. याला ते दार वाजवणं म्हणायचे. मी तर दार न वाजवता घरात घुसत होतो.

मी ठाकुरवाडीची अक्षरं दाबली. कुई. पुन्हा तीच. कुई. पुन्हा. मधे मोकळी जागा सोडून, ते सोडायचे तशी.

आतून खुर्ची करकरली.

मी पुन्हा ठाकुरवाडीची अक्षरं धाडली, आणि पाठोपाठ कर्जतची.

माझ्या पडद्यावर कुई झालं. दाजी माजघरात, मी दुकानात, तिकडं खोलीत फक्त बाबा. हिरवी अक्षरं एकेक करून नाही, अख्खी ओळ एकदम आली.

"ठाकुरवाडी बोलतोय. तुझा हात फार घाणेरडा आहे. लय सांभाळ."

तारबाबूंची ही पद्धत. खटक्यावरच्या हातावरून ते माणूस ओळखायचे, आणि माणूस ओळखला की आधी त्याच्या हाताला शिव्या घालायच्या. मी ओळ मोठ्यानं वाचली. आईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. ती म्हणाली, "कोण म्हणतंय?"

"बाबा."

"कोणाला?"

"मला. शिव्या देतायत."

आई मटकन तिथंच बसली, रेडिओच्या खोक्यावर. खोकं गिऱ्हाइकाचं होतं. ते नंतर मी दुरुस्त करून दिलं.

त्यानंतर बाबा सुटले. वर्षभराचं साठलेलं. परसातल्या पेरूला खत कुणी घातलं नाही, इथपासून दाजींच्या मिशीपर्यंत. दाजी म्हणाले, "ही मशीन बंद करू का?" मी उत्तरं टाइप करत होतो, घाम गाळत, एका बोटानं, तेवढ्यात ओळ आली, "लिहितोस कशाला? मला ऐकू येतं." खरंच की! गेला होता तो आवाज. कान खणखणीत होते. त्यांनी लिहायचं आणि आम्ही इथून ओरडून उत्तर द्यायचं, एवढंच पुरे होतं. मी वायर ओढली, तारा उलट्या केल्या, दोघांना सांभाळणारी प्रणाली कुंकवातून वाचवली, आणि हे एवढं सोपं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मधेच लाईट गेली. कर्जतची लाईट जाते तशी, न सांगता. पडदे मिटले. आम्ही तिघंही मागच्या खोलीच्या दाराशी धावलो. बाबा बटणांवर बोटं ठेवून तसेच बसले होते, अंधारलेल्या पडद्याकडं बघत.  मला वाटलं, आता हे पुन्हा परसाकडं वळतात. नाही वळले. लाईट आली तेव्हा यंत्रानं उठायला फार वेळ घेतला, सगळं घर झाडून काढल्यासारखं काहीतरी तपासत बसलं. पुन्हा नाव विचारलं. बाबांनी स्वतःच ते टाइप केलं. दाजींनी पुन्हा गप्पांची सोय उघडून दिली. दुकानात कुई झालं आणि लाईट जाताना जी शिवी अर्धी राहिली होती तिचा उरलेला अर्धा भाग आला.

संध्याकाळी आईनं बाबांना त्यांच्या खोलीतच ताट वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी. आम्ही स्वयंपाकघरात पानावर बसलो होतो. पडदा दुकानात, म्हणून मी दोन्ही दारं उघडी ठेवली होती. कुई झालं. मी हातातला घास ताटात ठेवून गेलो, वाचलं, आणि तिथूनच ओरडलो.

"आई, भाजीत मीठ नाय म्हणतायत!"

स्वयंपाकघरात उलथणं खाली पडलं. मग आई एकदम ओरडली, "नाय म्हणतायत?"

"नाय म्हणतायत."

"ऐकलं का?" ती दाजींना म्हणाली. पण बोलत होती ती मागच्या भिंतीशी. "गेल्या दिवाळीपास्नं मीठ कमी घालते मी. मुद्दाम. म्हणलं कधीतरी तोंड वाकडं करतील, पाटी मागतील, काहीतरी म्हणतील. तर गिळत राहिले मुकाट्यानं! आन् आता म्हणतायत!"

दाजी आणि मी उघड्या दारांतून एकमेकांकडं बघितलं. वर्षभर आम्ही सगळे अळणी जेवत होतो आणि आईचा हात आता उतरला, वय झालं, असं समजून एकमेकांना डोळ्यांनी गप्प करत होतो. बहीण तर माहेरी येताना पदरात मिठाची पुडी बांधून आणायची, ते मला त्या क्षणी समजलं.

पुन्हा कुई. मी दुकानातून वाचलं, "मला माहीत होतं. मीठ आण."

"माहीत होतं?" आई उठली. पितळी मिठाची बरणी छातीशी धरली. "माहीत होतं म्हणे! वर्षभर माहीत होतं न् गप बसले! थांबा, आता खाराच करते." दुकानात पुन्हा कुई झालं. मग लागोपाठ कुई, कुई, कुई, बाबांनी बोट बटणावर तसंच ठेवलं असावं, आणि घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते वाजत राहिलं.

"आले, आले!" आई चालता चालता ओरडत होती. "जीव खाऊ नका! एक बाई हाय घरात, तिला दोनच पाय हायेत!"

आणि ती अशी पळत होती की बरणीतलं मीठ माजघरभर सांडत गेलं.